आजची हवा

"आक्का, ‘ठीक आहे’ म्हणताना जरा हसून म्हण की," छोट्या म्हणाला. "लोकांना बरं वाटतं."

"हवा ठीक असली की हसू आपोआप येतं रे. आत्ता कशाला हसू? बाहेर समोरचा माणूस दिसत नाहीये."

"बाहेरचं सोड. हे आजच्यासाठी नाहीच. ज्या दिवशी हवा चांगली असेल, त्या दिवसासाठी आहे. चल, पुन्हा एकदा."

पालिकेच्या जिन्याखालच्या खोलीत बहीणभाऊ गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. दोन माणसं आत आली की दार लावायला एकाला उठून उभं राहावं लागे, एवढीशी ती खोली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना पोत्याचं अस्तर ठोकलेलं. टेबलावर माइक, आणि माइकला आक्कानं स्वतः विणलेली लोकरीची टोपी. छोट्यानं आवाज भरून घ्यायचं नवं यंत्र आणलं होतं. लहान मुलापुढे औषधाचा चमचा धरावा तसं त्यानं ते तिच्या तोंडाशी धरलं होतं.

आक्कानं पाठ ताठ केली आणि ती म्हणाली, "नमस्कार. आजची हवा ठीक आहे. मुलांनी नेहमीसारखं शाळेत जावं. खिडक्या उघड्या ठेवायला हरकत नाही."

"झकास! आता दुसरं."

"नमस्कार. आजची हवा खराब आहे. मुलांना आणि वयस्कर माणसांना बाहेर सोडू नये. दारं-खिडक्या लावून घ्याव्यात. कारखान्यानं दुपारपर्यंत भट्ट्या मंद..."

तिला ढास लागली. छोट्यानं यंत्र बंद केलं, तांब्यातलं पाणी पुढे केलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"म्हणूनच म्हणतोय ना," तो म्हणाला. "थंडीचे हे महिने तुला त्रासाचे. उजाडायच्या आत उठून, हा धूर छातीत भरून घेत इथपर्यंत यायचं, ते काय फक्त चार वाक्यं बोलायला? आता ती चार वाक्यं हे यंत्र इथं बसून बोलेल. तू घरी अंथरुणात पड."

आपल्या झोपेचा विचार कुणी केल्याला किती वर्षं झाली, हे आक्काला आठवेना. तिनं पाणी प्यायलं आणि दुसरं वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. न खोकता.

गाव खोऱ्यात होतं. तिन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, आणि नदीच्या वळणावर कौलांचा कारखाना. उन्हाळ्यात खिंडीतून वारा यायचा आणि भट्ट्यांचा धूर कुठल्या कुठे उडून जायचा. पावसाळ्यात सगळं धुऊन निघायचं. हाल असायचे ते थंडीचे. रात्रभर डोंगरउतारांवरून गारठा खाली यायचा आणि गावावर झाकण घातल्यासारखा बसायचा. मग कारखान्याचा धूर, घराघरांतल्या शेगड्यांचा धूर, सगळा खालच्या खाली कोंडायचा. धुतलेले कपडे वाळेपर्यंत पुन्हा मळायचे. गावात कुणी कुणाला लांबून ओळखायचं ते चेहऱ्यावरून नाही, खोकल्यावरून.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात दवाखान्यात खाटा पुरेनाशा झाल्या. तेव्हा दवाखान्याच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसलं. सकाळी कंपाउंडरनं ते पाहून पालिकेत फोन करायचा आणि पालिकेनं चौकाचौकांतल्या खांबांवरच्या भोंग्यांतून गावाला सांगायचं, असं ठरलं. हवा खराब असली तर पोरांनी घरी राहायचं आणि कारखान्यानं भट्ट्या मंद करायच्या. कारखानदारानं कपाळाला आठ्या घातल्या, पण कबूल केलं.

सांगणार कोण? तर आक्का. ती पालिकेत टेलिफोन ऑपरेटर होती. ते खातंच बंद झालं, तेव्हा तिला रिकामं बसवण्यापेक्षा माइकपुढे बसवलं. तिचा आवाज असा होता, की शेजारची बाई कुंपणावरून हाक मारतेय असं वाटावं. महिन्याभरात गावानं तिचं नाव टाकून दिलं आणि सगळे तिला भोंगाताई म्हणायला लागले. पोरं तर तिला पाहिलं की नाक दाबून "नमस्काऽऽर, आजची हवा..." करत पळत. ती हातातली पिशवी उगारायची, पण मनातून खूश व्हायची.

छोट्या तिचा धाकटा भाऊ. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती आणि तो शाळेत होता. रात्रपाळी असली की ती त्याला बरोबर न्यायची. तारांच्या जाळ्याखाली सतरंजीवर तो झोपायचा आणि ती एका हातानं फोन जोडत दुसऱ्या हातानं त्याला थोपटायची. तिला एक स्थळ चालून आलं होतं. माणूस बरा होता, पण म्हणाला, भावाची सोय कुठेतरी वसतिगृहात करू. आक्कानं चहाची कपबशी त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. पुढे छोट्या शिकला, पालिकेतच लागला आणि चढत चढत कार्यालय अधीक्षक झाला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. सगळे एकाच घरात. कचेरीत त्याला सगळे साहेब म्हणत. आक्काही चारचौघांत साहेबच म्हणायची, पण दार लागलं की तो छोट्याच.

पहिल्या दिवशी घरात बसून स्वतःचा आवाज ऐकताना आक्काला हसू आवरेना. "अगंबाई, मी अशी बोलते?" ती भावजयीला म्हणाली. "केवढी शिष्ट वाटतेय बाई!"

"उलट गोड वाटतंय," भावजय म्हणाली. "आणि एक बरंय आक्का, त्या बाईला चहा द्यावा लागत नाही."

ठकीला, म्हणजे भाचीला, तर मोठीच गंमत वाटली. ती एकदा भोंग्याकडे बघायची, एकदा आत्याच्या तोंडाकडे. काही दिवस असेच गेले. खराब हवेच्या दिवशी खराबचं वाक्य लागायचं, बऱ्या दिवशी बरं. आक्काचा खोकला थोडा उतरला. घरातल्या घरात तिला करमेनासं झालं, हा भाग वेगळा.

मग ती सकाळ आली.

आक्का उठली तेव्हा छोट्या घरात नव्हता. उजाडायच्या आतच बाहेर पडला होता. तिनं चहाचा कप घेतला आणि ती खिडकीशी आली. खिडकीबाहेर काहीच नव्हतं. समोरची भिंत नाही, भिंतीवरची वेल नाही, रस्ता नाही. नुसता पिवळट, राखेच्या वासाचा धूर, काचेला तोंड लावून उभा. आज तर फारच वाईट दिसतंय, असं तिच्या मनात येतंय न येतंय तोच चौकातला भोंगा खरखरला.

"नमस्कार. आजची हवा ठीक आहे. मुलांनी नेहमीसारखं शाळेत जावं..."

चहा तिच्या हातावर सांडला.

"चुकलं!" ती ओरडली. "बटण चुकलं त्यांचं! अगं, मी आलेच जाऊन." पायात सापडतील त्या चपला घालून आणि पदर नाकाला लावून ती निघाली. मागून भावजय काहीतरी म्हणाली, ते तिनं ऐकलंच नाही.

रस्त्यानं लोक चालले होते. सायकलची घंटी आधी यायची, सायकल नंतर. कुणीतरी धुरातून म्हणालं, "काय भोंगाताई, आज एकदम खुशीत!" आणि खोकत पुढे गेलं. ती कोपऱ्यावरच्या बेकरीशी थांबली. बेकरीवाली पाव मांडत होती. तिची मुलगी छातीनं नाजूक. तशी पोरगी पायाला भिंगरी लावल्यासारखी पळायची, म्हणून नावच भिंगरी पडलेलं; पण थंडीत तिचा श्वास शिट्टी वाजवायचा. रोज सकाळी भोंगा बोलल्याशिवाय बेकरीवाली तिला उंबऱ्याबाहेर पाय टाकू देत नसे.

"भिंगरी कुठाय?" आक्कानं विचारलं.

"गेली की. आज शाळेत शर्यती आहेत ना. बाहेर बघून मी नकोच म्हणत होते. तेवढ्यात तुमचा आवाज आला. मग कुठली ऐकतेय! मला म्हणते, आई, तू जास्त शहाणी का भोंगाताई?" बेकरीवाली हसली. मग आक्काचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. "का हो? काय झालं?"

"काही नाही. चूक झालीय. मी बघते."

डावीकडे शाळा, उजवीकडे पालिका. आक्का चौकात क्षणभर थांबली. शाळेत गेलं तर एक शाळा थांबेल. माइकपाशी पोचलं तर एका वाक्यात सगळं गाव थांबेल. ती उजवीकडे वळली.

जिन्याखालच्या खोलीला नवं कुलूप होतं. शिपाई बाकावर हात चोळत बसला होता.

"कुलूप काढ रे! मशीननं चुकीचं लावलंय. ठीकचं लागलंय!"

शिपाई उठून उभा राहिला, पण जागचा हलला नाही. "चुकलं नाही ताई," तो हळूच म्हणाला. "साहेबांनी स्वतः येऊन लावलंय. किल्ली घेऊन कारखान्यावर गेलेत. म्हणाले, ताई आल्या तर सांग, घरी जा म्हणावं, काळजी करू नका."

आक्कानं कुलूप हातात धरून एकदा ओढून पाहिलं. मग ती वळली आणि पळत सुटली. त्या वयात, त्या छातीनं, चढ चढून शाळेकडे.

मैदानात मुलांचा कालवा ऐकू येत होता, मुलं दिसत नव्हती. मग कालवा एकदम थांबला. आक्का धुरात शिरत गेली तेव्हा मुलींचं कडं दिसलं आणि कड्याच्या मधे गुडघ्यांवर ओणवी झालेली भिंगरी. तिचे ओठ निळे पडले होते. तिच्या बाई तिला "श्वास घे, बाळ, श्वास घे" म्हणत होत्या आणि ती तेवढंच करायचा जिवाचा आटापिटा करत होती. आक्काला पाहून तिनं काहीतरी विचारल्यासारखे डोळे मोठे केले.

शाळेच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. मागोमाग आणखी मुलं आली, म्हातारी माणसं आली. नळी लावून भिंगरीचा श्वास जरा खाली बसला, पण डॉक्टर म्हणाले, फार ताण पडलाय, शहराच्या मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल. बेकरीवाली पिठाच्या हातांनी तशीच धावत आली होती. ती आक्काकडे बघत होती.

आक्कानं कंपाउंडरला बाजूला घेतलं. "सकाळी काय सांगितलंत तुम्ही पालिकेत?"

"खराब. यंदाच्या हिवाळ्यातली सगळ्यांत खराब. साहेबांना दोनदा सांगितलं." कंपाउंडर गोंधळला. "मग ठीकचं ऐकू आलं, तेव्हा मला वाटलं, तुम्हीच काहीतरी..."

आक्का घरी आली तेव्हा दुपार झाली होती. दार भावजयीनं उघडलं आणि पटकन लावून घेतलं. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबलेले होते. आतल्या खोलीत पलंगावर ठकी चित्रं रंगवत बसली होती. तिच्या गालांवर गुलाबी रंग होता. ती छान, सावकाश, तोंड मिटून श्वास घेत होती.

"आत्या, आज मला सुट्टी!"

"का गं? ताप आहे?"

"नाही. बाबा म्हणाले, आज शर्यत नको."

आक्कानं भावजयीकडे पाहिलं.

"पहाटे उठल्या उठल्याच हे म्हणाले," भावजय सांगू लागली. "ठकीला आज अजिबात बाहेर सोडू नकोस, खिडक्यांना टॉवेल लाव. मग भोंगा ठीक म्हणाला, तेव्हा मीही चक्रावले. तुम्हाला तेच सांगत होते मागून, पण तुम्ही थांबलात कुठे? काय झालंय आक्का? तुम्ही अशा का बघताय?"

आक्का पलंगाच्या कडेला बसली. सकाळपासून तिला वाटत होतं की आपला श्वास धुरानं अडकलाय.

छोट्या संध्याकाळी आला. त्यानं बूट काढले, हात धुतले, आणि मग आक्काकडे न बघता म्हणाला, "कळलं मला. वाईट झालं. पण बरी होईल ती."

"तुला खराब म्हणून फोन आला होता."

"हो."

"आणि तू ठीकचं लावलंस."

"आक्का, तू आधी ऐकून घे. कारखान्याचा मोठा माल आज जायचा होता. भट्ट्या मंद केल्या असत्या तर सौदा गेला असता. मालक म्हणत होता, असंच चाललं तर कारखाना हलवतो दुसरीकडे. अर्धं गाव पोट भरतं त्यावर. मुख्याधिकारी म्हणाले, एक दिवस निभावून न्या. एक दिवस, आक्का! मी एकटा काय करणार होतो?"

"मला सांगितलं असतंस."

"तू ते वाक्य म्हटलं असतंस?"

"नसतं म्हटलं."

"मग?"

आक्काला तेव्हा ती खोली आठवली नाही, यंत्र आठवलं नाही. आठवला तो पाठीवरून फिरलेला हात.

"एकच दिवस होता, फार काही होणार नव्हतं, असं वाटलं ना तुला?" तिनं विचारलं. "मग ठकीला का नाही पाठवलंस?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"बापाचा जीव आहे, आक्का," तो म्हणाला.

"आणि बेकरीवालीचा कसला आहे रे?"

तो उठला, दोन फेऱ्या मारल्या आणि तिच्या पायाशी येऊन बसला. लहानपणी काही फोडलं की असाच बसायचा. "लोक भडकलेत. शाळेत पालकांची सभा बोलावलीय. तू एवढंच म्हण की, सवयीनं तू सकाळी गेलीस आणि घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं. तुझ्यावर कुणी रागावणार नाही. तुला सगळे मानतात. तुझी नोकरी तशीही संपतच आलीय. माझी गेली तर ठकीचं काय?"

आक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पाय तेवढे मागे घेतले.

सभेपर्यंतचे दिवस ती रोज बेकरीपर्यंत जाऊन परत येत होती. बेकरी बंद होती. मायलेकी शहरात होत्या. घरात छोट्या तिच्याशी फार जपून वागत होता. तिच्यासाठी खोकल्याचं महागाचं औषध घेऊन आला. ती गप्प आहे, याचा अर्थ त्यानं आपल्या सोयीचा लावला होता.

सभेला शाळेचं सभागृह गच्च भरलं. मंचावर मुख्याधिकारी, शेजारी छोट्या. पुढच्या रांगेत बेकरीवाली. मुलीला बहिणीपाशी ठेवून ती तेवढ्यासाठी आली होती. मुख्याधिकारी तांत्रिक अडचणींबद्दल बरंच बोलले. मग म्हणाले, "आपल्या सर्वांच्या लाडक्या भोंगाताई दोन शब्द सांगतील." छोट्यानं माइक पुढे केला. आक्कानं तो घेतला नाही.

"आवाज माझा आहे," ती म्हणाली. "माझाच आहे, नाही म्हणत नाही. पण मी तो आधी भरून दिलेला होता. त्या दिवशी तो वाजला, तेव्हा मी घरी हातात चहाचा कप घेऊन उभी होते. बटण मी दाबलं नाही."

सभागृहात कुजबुज झाली. बेकरीवाली उभी राहिली. "मग कुणी दाबलं?"

आक्का भावाकडे वळली. तिला त्याचं नाव घ्यायचं नव्हतं. तिला वाटत होतं की तो उठेल. थोडा वेळ लागेल, मान खाली घालेल, पण उठेल आणि म्हणेल, मी. त्याला लहानाचा मोठा तिनं केला होता. ती थांबली.

छोट्या उठला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते.

"आक्का माझी बहीण नाही, माझी आई आहे," तो म्हणाला. "म्हणून हे बोलायला जड जातंय. घरातली गोष्ट आम्ही आजपर्यंत बाहेर काढली नाही. हल्ली तिला विसरायला होतं. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. ती रोज पहाटे उठून जाते आणि आपण घरीच होतो असं म्हणते. तिच्याकडे किल्ली राहू दिली, ही चूक माझी. शिक्षा करायची तर मला करा. तिला काही बोलू नका."

सभागृह एकदम मऊ झालं. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. बायकांनी एकमेकींकडे पाहून माना हलवल्या. मागच्या भिंतीला शिपाई उभा होता. तो वरच्या पंख्याकडे बघायला लागला. कंपाउंडर आपल्या बुटांच्या नाड्या पाहत होता.

"छोट्या," आक्का म्हणाली. साऱ्या गावादेखत तिनं त्याला पहिल्यांदाच तशी हाक मारली. "कुलूप नवं आहे. किल्ली तुझ्या खिशात आहे."

पण तिचा आवाज चिरकला, शेवटचा शब्द ढासेत गेला, आणि कुणीतरी लगबगीनं उठून तिला धरून खुर्चीवर बसवलं. पाणी आणलं. "असू दे हो ताई, असू दे," असं म्हणत लोक तिच्या खांद्यावर थोपटत होते. बेकरीवाली तेवढी जागच्या जागी उभी होती. ती आळीपाळीनं आक्काकडे आणि छोट्याच्या कोटाच्या खिशाकडे बघत होती. मग मुख्याधिकाऱ्यांनी सभा संपल्याचं जाहीर केलं.

आक्कानं दुसऱ्या दिवशी घर सोडलं. वरच्या आळीत एका शिंप्याच्या दुकानामागे खोली मिळाली. ती कपडे पिशवीत भरत होती, तेव्हा भावजय दाराशी उभी राहून रडत होती. तिला सगळं माहीत होतं. सभेत मात्र ती मांडीवरच्या ठकीचे केस सारखे करत बसली होती. छोट्या म्हणाला, "आक्का, असं करू नकोस. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारी घरचा रस्ता विसरली," आक्का म्हणाली आणि पिशवी उचलली.

गाव तिच्याशी चांगलंच वागत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. दूधवाला दूध ओतताना मोठ्यानं सांगायचा, "ताई, आज बुधवार बरं का!" दुकानदार तिची पिशवी स्वतः भरून वर बजावायचा, "सरळ घरी जायचं हं." पोरं आता तिची नक्कल करत नसत, त्यांना घरून ताकीद होती. एकदा ठकी शाळेतून येताना दिसली. "आत्या, तुला मी आठवते का?" तिनं भीत भीत विचारलं. आक्कानं तिचे दोन्ही गाल हातांत धरले आणि काही न बोलता सोडून दिले.

भोंग्यातून अजून तिचाच आवाज येत होता. तो काढून टाका म्हणून ती पालिकेत गेली होती. नव्या साहेबांनी तिला आदरानं बसवून घेतलं. छोट्याला तोवर वरची जागा मिळाली होती. साहेब म्हणाले, तो आवाज आता पालिकेचा आहे, आणि गावाला त्याची सवय झालीय. मग काय, रोज सकाळी ती अंथरुणात बसून स्वतःला ऐकायची. त्या थंडीत ‘ठीक आहे’ फार वेळा ऐकू आलं.

थंडी सरत आली तेव्हा बेकरी उघडली. भिंगरी परतली होती. बारीक झाली होती, चढ असला की मधे थांबत होती, आणि पळत नव्हती. आक्का बेकरीवरून जायची. बेकरीवाली मान वर न करता पाव मांडत राहायची. आक्कालाही थांबायचं धाडस होत नव्हतं. काय सांगायचं? खरं एकदा सांगून झालं होतं.

एका सकाळी ती अशीच चालली होती. धूर होता, पण फार दाट नाही. भट्टीचा की धुक्याचा, सांगता येऊ नये असा. भोंग्यातली ती नुकतीच बोलून थांबली होती. हवा ठीक होती म्हणे.

"थांबा," बेकरीवाली म्हणाली.

आक्का थांबली. दारात भिंगरी दप्तर लावून उभी होती, आईनं सोडायची वाट पाहत.

"आज कशी आहे हवा?" बेकरीवालीनं विचारलं. मग लगेच म्हणाली, "विचारतेय म्हणजे विसरले असं समजू नका. मी काहीच विसरले नाही."

"विसरूही नकोस," आक्का म्हणाली.

तिनं समोरच्या डोंगराकडे पाहिलं. तो अर्धा दिसत होता, अर्धा नव्हता. यंत्र दवाखान्याच्या गच्चीवर होतं, आकडे कंपाउंडरकडे होते, किल्ली कचेरीत होती. तिच्याकडे त्यातलं काही नव्हतं. ती पुष्कळ वेळ बघत राहिली.

"मला नाही गं कळत," ती शेवटी म्हणाली. "खरंच नाही सांगता येत."

बेकरीवालीनं तिच्याकडे नीट पाहिलं. सभेनंतर पहिल्यांदाच.

मग तिनं भिंगरीच्या खांद्यावरचं दप्तर उतरवून घेतलं, तिला आत घेतलं, आणि खिडकी ओढून लावली.